क्वार्टरबॅक चांगला असला तर संघाचं यश किती टिकतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेली मराठी मंडळी, मग ती न्यू जर्सीत स्थायिक झालेली असोत की पुण्यात रविवारी रात्री जागून सामने पाहणारी, एक प्रश्न हमखास विचारतात: एवढ्या मोठ्या संघाचं भवितव्य एका माणसावर कसं काय ठरतं, आणि ते खरंच तसं ठरतं का? खालची उत्तरं एनएफएलपुरती, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगपुरती आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. एखादं विजेतेपद सामान्य क्वार्टरबॅक घेऊनही जिंकता येतं. पण दहा वर्षं सतत शर्यतीत राहायचं, तर चांगल्या क्वार्टरबॅकवाचून आजच्या काळात ते जवळजवळ कुणालाच जमलेलं नाही. आणि तो चांगला ठरतो की वाया जातो, हे बऱ्याच अंशी त्याला हाताळणाऱ्या संघाच्या हातात असतं.

क्वार्टरबॅक नेमकं काय करतो?

आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक खेळीत सेंटरकडून (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणारा खेळाडू) चेंडू त्याच्याच हातात येतो. एका सामन्यात हे साठेक वेळा घडतं. प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवरून खेळी सांगतो, पण खेळीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. तिथून पुढे सगळं त्याच्यावर. समोरची बचावफळी कशी उभी आहे, अंगावर कोण धावून येणार, कोणता रिसीव्हर (फेक झेलणारा) मोकळा सुटेल, हे ओळखून ठरलेली खेळी ठेवायची की बदलायची ते तोच ठरवतो. चेंडू हाती आल्यावर त्याच्याकडे साधारण अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात चेंडू फेकायचा, धावणाऱ्याकडे सोपवायचा किंवा स्वतः पळायचं.

त्याचं महत्त्व पूर्वीपासून होतं, पण १९७८ मध्ये नियम बदलले आणि ते फार वाढलं. रिसीव्हर पाच यार्डांच्या पुढे गेला की बचावपटूने त्याला धक्काबुक्की करायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी आक्रमणाच्या लाइनमधल्या, म्हणजे पुढ्यात उभं राहून क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या, खेळाडूंना हात पुढे करून, उघड्या पंजांनी अडवण्याची मुभा मिळाली. फेकणं सोपं आणि फायद्याचं झालं, तसा फेकणारा महाग झाला.

क्रिकेटमध्ये त्याच्यासारखा कोण?

कुणीच नाही. कल्पनाच करायची तर असा कप्तान डोळ्यांसमोर आणा, जो डावातला प्रत्येक चेंडू स्वतःच खेळतो. मात्र संघाची बचावफळी मैदानात असते तेव्हा क्वार्टरबॅक बाहेर बसलेला असतो, म्हणजे अर्धा सामना त्याच्या हातात नसतोच. हे विसरल्यामुळे चर्चेत बरेच गोंधळ होतात.

‘टिकाऊ यश’ म्हणजे काय धरायचं?

मी विजेतेपदं मोजत नाही. सात-आठ वर्षांत बहुतेक हंगामांत प्लेऑफ, म्हणजे नियमित हंगामानंतरची बाद फेरी, गाठणं आणि तिथे सामने जिंकणं, हे मोजतो. कारण साधं आहे. नियमित हंगामात आता १७ सामने असतात, पण प्लेऑफमध्ये एका पराभवात खेळ खल्लास. मालिका नाही, परतीचा सामना नाही. एक निसटलेला झेल, एक दुखापत, शेवटच्या मिनिटातली एक किक यांवर वर्षभराची मेहनत ठरते. अशा स्पर्धेत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पुन्हा पुन्हा संधी मिळणं, आणि चांगला क्वार्टरबॅक नेमकी तीच देतो. कॅन्सस सिटी चीफ्सनी पॅट्रिक महोम्सला घेऊन २०१८ ते २०२४ असे सलग सात हंगाम एएफसीचा (लीगच्या दोन विभागांपैकी एक) अंतिम सामना खेळला. सातपैकी पाचदा ते सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोचले आणि तीनदा जिंकले. पोचले नसते, तर जिंकायचा प्रश्नच नव्हता.

मग ट्रेंट डिल्फर सुपर बोल कसा जिंकला?

प्रत्येक वादात या सामान्य क्वार्टरबॅकचं नाव निघतंच, आणि निघायला हवंच. बाल्टिमोर रेव्हन्सच्या २००० च्या हंगामात १६ सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना फक्त १६५ गुण करता आले. १६ सामन्यांच्या हंगामातला तो विक्रम होता. त्याच हंगामात त्यांच्या आक्रमणाला सलग पाच सामन्यांत एकही टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले सहा गुण) करता आला नव्हता! डिल्फरला मधूनच खेळवायला घेतलं, त्याने मोठ्या चुका टाळल्या, आणि रे लुईसच्या बचावफळीने सुपर बोलमध्ये न्यू यॉर्क जायंट्सना ३४-७ असं चिरडलं.

पण गोष्ट इथे थांबवणं चूक आहे. पुढे काय झालं ते पाहा. रेव्हन्सनी लगेच डिल्फरला सोडलं. २००२ मध्ये एड रीड आला. रे लुईस होताच. म्हणजे बचावाची बाजू पुढची अनेक वर्षं भक्कम होती. तरी २००२ ते २००७ या सहा हंगामांत रेव्हन्सनी प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही. २००८ मध्ये जो फ्लॅको आला. तो काही महान क्वार्टरबॅक नव्हे, चांगला म्हणता येईल असा. त्याच्या पहिल्या पाचही हंगामांत रेव्हन्सनी प्लेऑफचा किमान एक सामना जिंकला आणि पाचव्यात सुपर बोल. त्याच वर्षी प्रशिक्षक म्हणून जॉन हार्बॉही आले होते, त्यामुळे सगळं श्रेय फ्लॅकोला देता येत नाही. तरीही एकाच संघाच्या या दोन कालखंडांत मला सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. नुसती बचावफळी एक अविस्मरणीय वर्ष देऊन गेली. नियमित यश यायला चेंडू फेकणारा धड माणूस लागला.

बचावाच्या जोरावरचं यश टिकत नाही, यामागे कारण आहे. बचाव अकरा जणांचा असतो. दोघे-तिघे दुखावले, एक-दोघे जास्त पगारासाठी दुसरीकडे गेले, की तीच फळी सर्वसाधारण होते. क्वार्टरबॅक मात्र बारा-पंधरा वर्षं एकाच दर्जाने खेळू शकतो.

टॉम ब्रेडी की बिल बेलिचिक?

न्यू इंग्लंड पेट्रिअट्सचं यश क्वार्टरबॅक ब्रेडीचं की प्रशिक्षक बेलिचिक यांचं, हा वीस वर्षं चाललेला वाद आहे. ब्रेडी २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या फेरीत, १९९ वा निवडला गेला. न्यू इंग्लंड पेट्रिअट्सना त्याच्या काळात सहा सुपर बोल मिळाले. २००१ ते २०१९ या १९ हंगामांत १७ वेळा त्यांनी आपला गट जिंकला.

दोघांची ताटातूट २०२० मध्ये झाली. ब्रेडी टँपा बेला गेला. तो संघ आदल्या वर्षी ७-९ असा होता, म्हणजे सात विजय आणि नऊ पराभव. ब्रेडी आला त्याच हंगामात त्यांनी सुपर बोल जिंकला. पेट्रिअट्स ७-९ वर आले आणि २०२३ मध्ये ४-१३ वर घसरल्यावर बेलिचिक गेले. त्याआधी क्लीव्हलंडमध्ये ते पाच वर्षं प्रशिक्षक होते, तिथेही विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त असलेला हंगाम एकच.

एवढ्यावरून ब्रेडीच्या बाजूने निकाल देणारे २००८ विसरतात. त्या वर्षी पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा गेला. जागेवर आला मॅट कॅसल, ज्याने शाळा सोडल्यापासून एकाही सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केली नव्हती. त्याला घेऊन बेलिचिकनी ११-५ केलं. हे थोर काम आहे. पण आदल्या वर्षी तोच संघ १६-० होता, आणि ११-५ करूनही त्यांना प्लेऑफ मिळाला नाही. प्रशिक्षकाने संघ पडू दिला नाही. शिखरावर नेणारा माणूस मात्र जायबंदी होता. मला हा वाद असाच मिटलेला दिसतो.

क्वार्टरबॅक गेला की संघ खरंच कोसळतो?

इंडियानापोलिस कोल्ट्सइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. २०१० मध्ये पेटन मॅनिंगसह १०-६. २०११ मध्ये मानेच्या दुखण्यामुळे तो संपूर्ण हंगाम बाहेर, आणि संघ २-१४. तळाला गेल्यामुळे २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड मिळाली, अँड्र्यू लक आला, आणि पुन्हा ११-५. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, दुखापतींना कंटाळून लकने निवृत्ती घेतली. त्यानंतरची पाच वर्षं कोल्ट्सनी प्रत्येक हंगाम नव्या क्वार्टरबॅकने सुरू केला: ब्रिसेट, रिव्हर्स, वेंट्झ, रायन, रिचर्डसन. या पाच वर्षांत प्लेऑफ एकदाच मिळाला.

उलट उदाहरण ग्रीन बे पॅकर्सचं. १९६८ ते १९९१ या काळात त्यांनी फक्त दोनदा प्लेऑफ पाहिला. १९९२ मध्ये ब्रेट फार्व आला. तो अजून खेळत असतानाच २००५ मध्ये त्यांनी एरन रॉजर्सला निवडलं आणि तीन वर्षं बाकावर बसवून शिकवलं. २००८ मध्ये जबाबदारी त्याच्याकडे गेली. दोघांनी मिळून २०२२ पर्यंत, म्हणजे ३१ हंगाम, संघ वाहिला. पुढचा माणूस, जॉर्डन लव्ह, २०२० पासूनच तयार होत होता. हात रिकामा व्हायची वाट न पाहण्याची ही दूरदृष्टी मला महान खेळाइतकीच कौतुकाची वाटते. तरी या ३१ वर्षांत सुपर बोल दोनच आले, हेही नजरेआड करू नका.

उत्तम प्रशिक्षक असला तर सामान्य क्वार्टरबॅक चालत नाही का?

चालतो, एका उंचीपर्यंत. पिट्सबर्ग स्टीलर्सचा बेन रॉथलिसबर्गर २०२१ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. पुढच्या तीन वर्षांत क्वार्टरबॅकच्या जागेवर माणसं येत-जात राहिली, तरी माइक टॉमलिननी ९-८, १०-७, १०-७ असे हंगाम काढले. प्लेऑफमध्ये विजय मात्र शून्य. अँडी रीड यांचं चीफ्सबरोबरचं कामही असंच पाहता येतं. २०१२ मध्ये २-१४ असलेला संघ त्यांनी अ‍ॅलेक्स स्मिथला घेऊन पाच वर्षांत चारदा प्लेऑफला नेला. तिथे जिंकले एकच सामना. प्रशिक्षक तेच राहिले, क्वार्टरबॅक महोम्स झाला, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

उत्तम क्वार्टरबॅक असून विजेतेपद न मिळालेले कोण?

डॅन मरिनो. मायामी डॉल्फिन्सकडून १९८४ मध्ये फेकीतून ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन, जे त्या काळात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच हंगामात सुपर बोल खेळला, हरला, आणि १९९९ पर्यंत खेळूनही पुन्हा तिथे पोचला नाही. बफेलो बिल्सचा जिम केली सलग चार सुपर बोल खेळला आणि चारही हरला. लोक त्या बिल्सना हरलेला संघ म्हणतात. मी म्हणतो, सलग चार वर्षं तिथे पोचलेला तो एकमेव संघ आहे.

प्रशिक्षक जो गिब्ज यांनी तर तीन वेगवेगळे क्वार्टरबॅक घेऊन तीन सुपर बोल जिंकले. मग?

खरं आहे. वॉशिंग्टनकडून १९८२ च्या हंगामात जो थाइसमन, १९८७ मध्ये डग विल्यम्स, १९९१ मध्ये मार्क रिपिअन. डग विल्यम्सने तर डेन्व्हरविरुद्ध एकाच क्वार्टरमध्ये (सामन्याच्या पाव भागात) चार टचडाउन पास फेकले आणि सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणून इतिहासात गेला. दीर्घकाळ यश मिळवूनही एका क्वार्टरबॅकवर न विसंबलेला संघ म्हणून हे सगळ्यात भक्कम उदाहरण आहे, आणि ते मी मनापासून मान्य करतो.

पण त्या संघाचा कणा होता आक्रमणाची लाइन, ज्यांना प्रेमाने ‘हॉग्ज’ म्हणत. ती माणसं वर्षानुवर्षं एकत्र राहिली. १९९३ मध्ये खेळाडूंना करार संपल्यावर मोकळेपणाने संघ बदलता येऊ लागला आणि १९९४ मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांवरची मर्यादा, आली. तेव्हापासून अशी फळी दहा वर्षं सांभाळून ठेवणं फार अवघड झालं. गिब्ज यांची वाट बंद झाली असं नाही, पण ती खूप अरुंद झाली.

संघ क्वार्टरबॅक घडवतो की क्वार्टरबॅक संघ?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो, कारण नशिबाने याचा जवळजवळ प्रयोगच झालेला आहे.

मॅथ्यू स्टॅफर्ड २००९ च्या ड्राफ्टमधला पहिला. डेट्रॉइट लायन्सकडे तो १२ हंगाम होता. भरपूर यार्ड, भरपूर टचडाउन, जबरदस्त हात. प्लेऑफचे सामने तीन आणि तिन्ही हरलेले. जॅरेड गॉफ २०१६ चा पहिला. लॉस एंजेलिस रॅम्सकडून पहिल्या वर्षी त्याने सात सामने सुरू केले आणि सातही हरला. लोकांनी त्याला फुकट गेलेला माल ठरवून टाकलं. दुसऱ्या वर्षी शॉन मॅकव्हे प्रशिक्षक म्हणून आले. त्याच गॉफला घेऊन संघ ११-५ झाला आणि त्याच्या पुढच्या हंगामात सुपर बोलपर्यंत पोचला.

२०२१ मध्ये अदलाबदल झाली. रॅम्सनी गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक देऊन स्टॅफर्डला आणलं. बारा वर्षांत प्लेऑफचा एक सामना न जिंकलेल्या स्टॅफर्डने पहिल्याच हंगामात चार जिंकले आणि सुपर बोल घेतला. म्हणजे डेट्रॉइटमध्ये तो कमी पडत नव्हता, त्याच्याभोवतीचा संघ कमी पडत होता. आणि गॉफ? डेट्रॉइटमध्ये पहिल्या वर्षी संघाला तीनच विजय मिळाले. मग डॅन कॅम्बेल यांच्या हाताखाली लाइन उभी राहिली, धावणारे आले, ९-८ झालं, मग १२-५. जानेवारी २०२४ मध्ये लायन्सनी १९९२ नंतरचा पहिला प्लेऑफ सामना जिंकला, तो स्टॅफर्डच्याच रॅम्सविरुद्ध, २४-२३ असा. पुढच्या हंगामात ते १५-२ होते.

सॅम डार्नॉल्डचंही तेच. जेट्स आणि कॅरोलायना दोन्हीकडे अपयशी ठरलेला हा माणूस २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४-३ झाला. म्हणून एखाद्या २२ वर्षांच्या मुलावर दोन हंगामांत अपयशाचा शिक्का मारणं मला चुकीचंच नव्हे, अन्यायाचं वाटतं.

उलट दिशेनेही हे खरं आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये महोम्सच्या लाइनचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या दोन टोकांचे रक्षक) खेळू शकले नाहीत. जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅक सामनाभर जीव वाचवत मागे पळत राहिला आणि चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही.

एवढा पैसा एकाच खेळाडूला देऊन बाकी संघ कसा उभा राहतो?

इथे खरी कसोटी लागते. २०२५ साठी प्रत्येक संघाची सॅलरी कॅप २७.९२ कोटी डॉलर होती, आणि त्यात ५३ जणांचा संघ बसवायचा. डॅलसच्या डॅक प्रेस्कॉटचा २०२४ चा करार सरासरी वर्षाला ६ कोटी डॉलरचा आहे. उरलेल्या रकमेत चूक करायला जागा राहत नाही.

म्हणून क्वार्टरबॅक तरुण आणि स्वस्त असतो, तेच संघाचे सोन्याचे दिवस. २०१० मध्ये ड्राफ्टमधल्या पहिल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलर मिळाले होते. लीग आणि खेळाडूंमधल्या नव्या सामूहिक करारानंतर, २०११ मध्ये, पहिल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी २.२ कोटी. सिअ‍ॅटलने याचा पुरता फायदा उठवला. तिसऱ्या फेरीतला रसेल विल्सन २०१३ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरपेक्षाही कमी घेत होता. वाचलेल्या पैशातून बचावफळी सजली आणि तिने ६०६ गुणांचा विक्रम करणाऱ्या मॅनिंगच्या डेन्व्हरला सुपर बोलमध्ये ४३-८ असं हरवलं. २०१५ मध्ये विल्सनला मोठा करार मिळाला. त्यानंतरही सिअ‍ॅटल बहुतेक वर्षं प्लेऑफमध्ये होतं, पण त्याच्यासह दुसऱ्या फेरीपलीकडे पुन्हा गेलं नाही.

तरीही मला विचारलं तर मी संघमालकाला सांगेन: चांगल्याला पैसे द्या. पश्चात्ताप होतो तो खात्री नसलेल्याला दिल्यावर. क्लीव्हलंडने २०२२ मध्ये डेशॉन वॉट्सनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार दिला. बंदी आणि दुखापतींमुळे पहिल्या तीन हंगामांतल्या ५१ पैकी १९ सामन्यांतच तो खेळू शकला.

मग ड्राफ्टमध्ये सरळ वरचा क्वार्टरबॅक का निवडू नये?

कारण ओळखता येत नाही. २०२१ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. तीन हंगाम संपता संपता त्यांतले चार मूळ संघातून बाहेर होते. सॅन फ्रान्सिस्कोने तर ट्रे लान्सला तिसऱ्या क्रमांकावर घेण्यासाठी पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडीही देऊन टाकल्या. त्यांना हवा तो माणूस सापडला २०२२ मध्ये, अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीत: ब्रॉक पर्डी. तो २०२३ च्या हंगामात सुपर बोल खेळला.

‘क्वार्टरबॅकचे विजय’ ही आकडेवारी धरावी का?

नाही. विजय संघाचे असतात. वरचे स्टॅफर्डचे बारा हंगाम पुन्हा वाचा.

नव्या प्रेक्षकाने चांगला क्वार्टरबॅक कसा ओळखावा?

रविवारचे पहिले सामने भारतात रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरपासून साडेअकराला. झोप टाळून पाहणारच असाल, तर थर्ड डाउनवर (दहा यार्ड पुढे जाण्यासाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) लक्ष ठेवा, विशेषतः सात-आठ यार्ड हवे असतात तेव्हा. फेकणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, बचावालाही. तिथे त्याचे डोळे पाहा. पहिल्या रिसीव्हरवरच खिळून राहतात, की तो झाकला गेलाय हे दिसताच दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे वळतात? अंगावर कुणी येत असताना पाय स्थिर राहतात का? चेंडू रिसीव्हरला थांबून, मागे वळून घ्यावा लागतो, की धावता धावता पुढ्यात मिळतो? काहीच जमत नसेल तेव्हा चेंडू बाहेर फेकून पुढच्या खेळीसाठी जिवंत राहण्याची समज आहे का? हात किती लांब फेकतो ते सगळ्यात शेवटी पाहा. आणि जमलं तर एकाच संघाचे तीन-चार हंगाम सलग पाहा. मध्ये क्वार्टरबॅक बदलला, की तेच रिसीव्हर आणि तीच लाइन किती वेगळी दिसू लागते, ते लगेच कळतं.